वारीआधीचे तीन दिवस : टोकावड्याहून आळंदीला जाताना कुठं थांबायचं आणि काय टाळायचं



ज्येष्ठ महिना निम्मा सरला की आपल्या मुरबाड-शहापूरच्या गावागावांत एकच बोलणं सुरू होतं. "यंदा वारीला कोण कोण?" भिशी भरली जाते, टाळ पुसून ठेवले जातात, पताकेची काठी शोधली जाते. पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. घरातून निघाल्यापासून आळंदीत पालखीचं प्रस्थान होईपर्यंत जे दोन-तीन दिवस हाताशी असतात, त्यांचं काय करायचं?

बहुतेकांचं ठरलेलं असतं. शेवटच्या दिवसापर्यंत शेतात राबायचं, रात्री पिशवी भरायची, पहाटेची गाडी पकडायची आणि थेट गर्दीत उतरायचं. काही जण याच्या अगदी उलट करतात. गाडी ठरवलीच आहे, तर वाटेतला किल्ला करू, धबधबा करू, अष्टविनायकातले दोन गणपती करू, असं म्हणत ते आळंदीला पोचेपर्यंतच थकून जातात. दोन्हींचा परिणाम सारखाच. पालखी पुण्यातून सासवडकडं निघते तेव्हा हे लोक पाय धरून बसलेले दिसतात.

म्हणून आजच्या लेखात आपण वारीआधीच्या छोट्या, निवांत भेटींचं नियोजन समजून घेऊ. आपला रस्ता आहे टोकावडे, माळशेज, ओतूर, आळे, नारायणगाव आणि आळंदी. शहापूरकडची मंडळी किन्हवली-सरळगावमार्गे याच रस्त्याला येऊन मिळतात, त्यामुळे हा हिशोब त्यांनाही लागू पडेल.

आधी वारीचं गणित समजून घेऊ

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होतं. तुकोबांची पालखी देहूहून त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे सप्तमीला निघते. दोन्ही पालख्या आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचतात आणि दुसऱ्या दिवशी एकादशी असते.

आता बोटांवर मोजा. ज्येष्ठ वद्य अष्टमी ते अमावास्या या आठ तिथी. आषाढ शुद्ध प्रतिपदा ते दशमी या दहा तिथी. एकूण झाल्या अठरा. तिथीची वृद्धी किंवा क्षय झाला तर एखादा दिवस मागेपुढे होतो. या दिवसांत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणं होतं.

एक बारकावा लक्षात घ्या. अष्टमीला प्रस्थान झालं तरी त्या रात्री माउलींची पालखी आळंदीतच आजोळघरी मुक्कामाला असते. खरी वाटचाल नवमीला सुरू होते, आळंदी ते पुणे. पुण्यात दोन मुक्काम. मग पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा, तीस किलोमीटरहून मोठा. तो बहुधा एकादशीच्या उपवासाच्या दिवशीच येतो. म्हणजे पायांची सर्वांत अवघड परीक्षा सुरुवातीच्या तीन-चार दिवसांतच होते. शरीर चालायला सरावण्याआधीच! म्हणून घरून निघताना शरीर ताजं असणं फार महत्त्वाचं आहे.

भाताचं गणित आणि वारीचं गणित

आपल्या भागात वारीचं नियोजन पंचांगाइतकंच भाताच्या रोपावर अवलंबून असतं. राब भाजलेल्या जागेत बी पेरलं की साधारण २१ ते २५ दिवसांनी रोप लावणीला येतं. पेरणी आणि लावणी यांच्यामधली ही फट आणि वारीचे अठरा-एकोणीस दिवस जवळजवळ सारखेच आहेत. शेतकऱ्याला वारी जमते ती या फटीमुळे.

पण ही फट दरवर्षी त्याच ठिकाणी येत नाही. आपलं पंचांग चंद्रावर चालतं, त्यामुळे सण दरवर्षी इंग्रजी तारखेत दहा-अकरा दिवस मागे सरकतात. मग अधिक महिना येतो आणि तारखा पुन्हा पुढं जातात. हे पाहा:

• २०२३ : आळंदीहून प्रस्थान ११ जून, आषाढी एकादशी २९ जून
• २०२४ : प्रस्थान २९ जून, एकादशी १७ जुलै
• २०२५ : प्रस्थान १९ जून, एकादशी ६ जुलै
• २०२६ : अधिक ज्येष्ठामुळे प्रस्थान जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, एकादशी २५ जुलै

याचा अर्थ काय? २०२३ साली प्रस्थान झालं तेव्हा आपल्याकडं मोसमी पाऊस आलाच नव्हता. मुंबई-ठाण्यात तो २५ जूनच्या सुमारास पोचला. ज्यांनी धूळपेरणी केली ते बी मातीत टाकून निघाले. बाकीच्यांना पेरणी घरच्यांवर सोपवावी लागली. २०२५ सारख्या तारखा असल्या की जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पेरून निघायचं आणि द्वादशीनंतर परत येऊन लावणीला उभं राहायचं, असा मेळ बसतो. आणि २०२६ सारखं वर्ष आलं की वारी नेमकी लावणीच्या (काही जण आवणी म्हणतात) ऐन दिवसांत येते.

म्हणून पहिला नियम हा: वाटेतल्या भेटींना किती दिवस द्यायचे, हे आधी शेताला विचारा. फट मोकळी असेल तर तीन दिवस घ्या. लावणीचं वर्ष असेल तर एकच दिवस घ्या, पण तो आळंदीत विश्रांतीसाठी घ्या. लावणीच्या चिखलातून काढलेले पाय तसेच रस्त्यावर घालू नका. पाण्यात भिजून मऊ झालेली कातडी लवकर सोलली जाते. चिखलात काम करताना झालेल्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिससारखा आजारही शिरू शकतो. पाय कोरडे व्हायला, छोट्या जखमा भरायला किमान एक दिवस द्यायलाच हवा.

भेटीचं ठिकाण कसं निवडायचं? तीन प्रश्न

कोणतंही ठिकाण यादीत घालण्याआधी स्वतःला हे तीन प्रश्न विचारा.

१. ते रस्त्यावर आहे का? मुख्य रस्त्यापासून थोडक्यात जाऊन येता येईल असंच ठिकाण घ्या. नाहीतर अर्धा दिवस गाडीची वाट बघण्यात जातो.

२. तिथं पायांना किती काम आहे? विशेषतः उतरण्याचं काम किती आहे? याचं कारण पुढं सांगतो.

३. तिथं पाण्याचा, दरडीचा, गर्दीचा धोका आहे का? असेल तर ते ठिकाण कितीही सुंदर असो, आत्ता नको.

यात चौथा प्रश्न जमला तर सोन्याहून पिवळं. त्या जागेचा वारीशी काही संबंध आहे का? तसा असेल, तर ती भेट मनाचीही तयारी करते. नशिबानं आपल्या रस्त्यावर अशा दोन जागा आहेत, आणि दोन्हींकडं आपण गाडीच्या खिडकीतून नुसते हात जोडून पुढं जातो.

पहिली जागा : ओतूर

माळशेज घाट चढून गेलं की डाव्या हाताला हरिश्चंद्रगडाचा डोंगर, पुढं पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी आणि मग सपाटी लागते. हवा बदलते, भाषेचा हेलही बदलतो. आपण ठाणे जिल्हा सोडून जुन्नर तालुक्यात आलेले असतो. थोड्या वेळात ओतूर येतं.

ओतूरला मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराचं मंदिर आहे. श्रावणी सोमवारी इथं कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात आणि मोठी यात्रा भरते. पण वारकऱ्यासाठी आणखी महत्त्वाची गोष्ट म्हणजे याच परिसरातली बाबाजी चैतन्य महाराजांची समाधी. तुकोबांनी आपल्या अभंगात गुरूचं नाव बाबाजी असं सांगितलं आहे, आणि आपल्याला मंत्र मिळाला तो स्वप्नात, असंही सांगितलं आहे. ते बाबाजी म्हणजेच ओतूरचे चैतन्य महाराज, अशी इथली श्रद्धा आहे.

जरा विचार करा. "ज्ञानोबा-तुकाराम" हा गजर आपण अठरा दिवस करणार. त्यातल्या तुकोबांच्या गुरूंची जागा आपल्या घराहून दोन-अडीच तासांवर आहे. मंदिर सपाटीवर, नदीकाठी. चढउतार नाही. झाडाखाली दोन तास निवांत बसता येतं. पावसाळ्यात नदीच्या पात्रात मात्र उतरायचं नाही.

दुसरी जागा : आळे

ओतूरहून पुढं आळेफाटा. हा फाटा सगळ्यांना माहीत असतो, कारण इथं कल्याण-अहिल्यानगर आणि पुणे-नाशिक हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. भेळ खाऊन, चहा घेऊन आपण पुढं जातो. पण फाट्यापासून अगदी जवळ आळे गाव आहे आणि तिथं एका रेड्याची समाधी आहे.

कोणता रेडा? तोच, ज्याच्या तोंडून ज्ञानदेवांनी पैठणला वेद वदवले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. संन्याशाची मुलं म्हणून या चार भावंडांना शुद्धिपत्र आणायला पैठणला जावं लागलं. "याला वेद म्हणण्याचा अधिकार आहे का?" या वादात समोरून जाणारा रेडा पुढं झाला. परंपरा पुढं असं सांगते की भावंडं पैठणहून नेवाशामार्गे आळंदीकडं परतत असताना तो रेडाही त्यांच्याबरोबर होता. आळ्याला त्यानं देह ठेवला आणि ज्ञानदेवांनी स्वतः त्याला समाधी दिली.

कथा म्हणून घ्या, श्रद्धा म्हणून घ्या. पण शेतकऱ्याच्या घरातल्या माणसानं या समाधीपुढं पाच मिनिटं उभं राहून पाहावं. देवळं राजांची असतात, संतांची असतात. इथं औताला जुंपल्या जाणाऱ्या, चिखलात लोळणाऱ्या, कुणी फारसा मान न दिलेल्या जनावराला मान मिळाला आहे. वारीत कुणी कुणाला "माउली" म्हणतो तेव्हा त्यामागचा अर्थ काय असतो, हे इथं व्याख्यानाशिवाय समजतं. मुलांना बरोबर नेत असाल तर ही जागा चुकवू नका.

वाटेतच एक जुना धडा

शिक्षक आहे म्हणून थोडं विषयांतर करतो, पण ते रस्त्याचंच आहे. टोकावड्याच्या पुढं वैशाखरे गाव लागतं. तिथून नाणेघाटाची पायवाट वर चढते. सातवाहनांच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटानं जुन्नरला आणि तिथून पैठणला जायचा. घाटमाथ्यावरच्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. बाहेर दगडी रांजण आहे. तो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असं सांगतात.

म्हणजे कोकणातून देशावर पायी जाण्याची आपल्या भागाची सवय पालखी सोहळ्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. फरक एवढाच, की तेव्हा पाठीवर माल होता आणि आता खांद्यावर पताका आहे.

नाणेघाट वारीआधी चढायचा का? नाही. तो पावसाळा संपल्यावर, सवडीनं चढा. वैशाखऱ्यावरून जाताना बसच्या खिडकीतून नाण्याचा अंगठा मुलांना दाखवा, तेवढं आत्ता पुरे.

काय टाळायचं आणि का?

शिवनेरी आणि लेण्याद्री ही दोन्ही ठिकाणं जुन्नरजवळच आहेत. "इतक्या जवळ आलोय तर शिवरायांच्या जन्मस्थळाला पाय लावून येऊ," असं कुणीतरी म्हणतंच. भावना योग्य आहे, वेळ चुकीची आहे. शिवनेरीला सात दरवाजे ओलांडत चढायचं असतं. लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाला सुमारे तीनशे पायऱ्या आहेत.

तुम्ही म्हणाल, "अडीचशे किलोमीटर चालणाऱ्याला तीनशे पायऱ्यांचं काय?" इथं थोडं विज्ञान पाहू. चढताना दम लागतो, पण स्नायूंना जास्त इजा उतरताना होते. पायरी उतरताना मांडीचा पुढचा स्नायू एकीकडं ताणला जात असतो आणि त्याच वेळी शरीराचा भार पेलत असतो. सवय नसेल तर त्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. गंमत म्हणजे हे दुखणं लगेच कळत नाही. ते दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. म्हणजे षष्ठीला शिवनेरी उतरलात तर पाय अष्टमी-नवमीला भरून येणार. नवमीला तर आळंदी-पुणे वाटचाल सुरू! दुखऱ्या पायानं चालताना माणूस पाऊल तिरकं टाकतो, मग टाचेला आणि बोटांना फोड येतात. एका किल्ल्याची किंमत अशी आठवडाभर मोजावी लागते.

माळशेजचे धबधबे, धरणाच्या भिंती, ओढ्यातले खडक यांचं कारण वेगळं आहे. तिथं प्रश्न जिवाचा असतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीनं कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. ही तारीख पुन्हा वाचा. माउलींच्या प्रस्थानाला तेव्हा चारच दिवस उरले होते, आणि नदी तीच होती जिच्या काठावर देहू आणि आळंदी आहे.

माळशेज घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात, धुक्यात समोरची गाडी दिसत नाही. प्रशासन धोक्याच्या ठिकाणी मनाईचे आदेश काढतं, ते पोलिसांच्या भीतीनं पाळायचे नसतात, स्वतःच्या घरच्यांसाठी पाळायचे असतात. घाट दिवसाउजेडी पार करा. मध्ये गाडी थांबवून धबधब्याखाली उभं राहू नका. चालकाला कुणी आग्रह करत असेल, तर दिंडीतल्या जाणत्या माणसानं स्पष्ट नाही म्हणावं.

तर मग तीन दिवसांचा आराखडा

पंचमी : सकाळी न्याहारी करून निघा. कल्याणहून आळेफाटा, अहिल्यानगरकडं जाणाऱ्या एसटी गाड्या टोकावड्यावरून जातात. महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढच्यांना मोफत प्रवास आहे. ओळखपत्र वरच्या खिशात ठेवा. दुपारी ओतूर. जेवण, विश्रांती, समाधीचं दर्शन. संध्याकाळी आळे किंवा नारायणगावला मुक्काम.

षष्ठी : सकाळी आळ्याला रेड्याच्या समाधीचं दर्शन. वेळ असेल तर नारायणगावजवळच्या ओझरला विघ्नहराचं दर्शन घ्या. अष्टविनायकातलं हे स्थान कुकडी नदीकाठी सपाटीवर आहे. लेण्याद्रीला नाही म्हटलं म्हणून गणपती रागावत नाही, तो ओझरलाही तोच आहे. मुलं बरोबर असतील तर त्यांना सांगा, की नारायणगावजवळ खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या या परिसरात पसरल्या आहेत. आत जायला परवानगी लागते, पण दुरून एखादी तबकडी दिसली तरी मुलांचे डोळे मोठे होतात. संध्याकाळपर्यंत मंचर, राजगुरुनगर, चाकणमार्गे आळंदी गाठा.

सप्तमी : हा दिवस पूर्ण आळंदीचा. कुठंही धावपळ नाही. समाधीच्या रांगेत पाच-सहा तास उभं राहण्याची ताकद नसेल तर कळसाचं दर्शन घ्या, वारकरी परंपरेत तेही दर्शनच मानतात. सिद्धबेट पाहा, चांगदेवाच्या भेटीसाठी चालवलेली भिंत पाहा. १९१७ साली विष्णुबुवा जोगांनी सुरू केलेली वारकरी शिक्षण संस्था याच गावात आहे. आज गावोगावी कीर्तन करणारे कितीतरी महाराज तिथं शिकलेले आहेत. इंद्रायणीच्या पाण्यावर अलीकडं फेस दिसतो, त्यामुळे ते तीर्थ म्हणून तोंडात घेऊ नका. नमस्कार पुरे. देहूला जाण्याचा मोह आज टाळा. तिथं तुकोबांच्या पालखीचं प्रस्थान असतं आणि गर्दीत संपूर्ण दिवस उभ्यानं जातो.

अष्टमी : दिंडीत नाव, नंबर, ट्रक, तंबूची जागा पक्की करा. दुपारी झोप काढा. प्रस्थान पाहा. रात्री लवकर आडवे व्हा.

तुमची दिंडी गावापासूनच पायी निघत असेल, तर आळंदीपर्यंत सव्वाशे-दीडशे किलोमीटरची वाटचाल आधीच झालेली असते. अशा वेळी ओतूर आणि आळे हे मुक्काम म्हणून धरा आणि आळंदीत किमान एक पूर्ण दिवस पायांना सुट्टी द्या.

या भेटी म्हणजे रंगीत तालीम

नाटकाआधी तालीम करतो ना, तसंच समजा. या तीन दिवसांत चार गोष्टी तपासून घेता येतात.

• चप्पल-बूट : नवं कोरं पादत्राण वारीत पहिल्यांदा घालू नका. घरी महिनाभर वापरलेलं घ्या. या तीन दिवसांत कुठं घासतंय ते कळलं तर आळंदीत बदलता येतं, दिवे घाटात येत नाही.

• औषधं : रक्तदाब, साखर यांच्या गोळ्या पंचवीस दिवसांच्या मोजून घ्या. मधुमेह असलेल्यांना पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. फोड आला तरी कळत नाही. रोज संध्याकाळी दुसऱ्या कुणाकडून तळपाय बघून घ्यायची सवय पंचमीपासूनच लावा.

• झोप : घरच्या खाटेवरून थेट तंबूत गेलं की पहिल्या दोन रात्री डोळा लागत नाही. मंदिराच्या ओसरीवर सतरंजी टाकून काढलेली एक रात्र शरीराला सवय लावते.

• सोबती : कोण भराभर चालतं, कोण मागं राहतं, कुणाला दर तासाला पाणी लागतं, हे आधी कळलं तर वारीत चुकामूक होत नाही. एकमेकांचे फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. गर्दीत मोबाईलला रेंज मिळतेच असं नाही.

किल्ला, धबधबा, डोंगर : मग कधी?

परतीला? तेही नाही. परतीला लावणी वाट बघत असते आणि पायही थकलेले असतात. ही ठिकाणं दिवाळीनंतर ठेवा. भात झोडून झालं, आकाश स्वच्छ झालं की शिवनेरी, नाणेघाट, गोरखगड सगळं आपलंच आहे. घरातल्या मुलाला आत्ता नाही म्हणताना तारीख सांगून नाही म्हणा. "नाताळच्या सुट्टीत शिवनेरीला जाऊ," असं म्हटलं की मुलं ऐकतात. मात्र दिलेला शब्द पाळा!

थोडक्यात

वारीआधीची भेट म्हणजे सहलही नाही आणि वाया गेलेला दिवसही नाही. शेताच्या धावपळीतून बाहेर पडलेल्या शरीराला आणि मनाला पालखीच्या चालीवर आणण्याचा तो वेळ आहे. जागा रस्त्यावरची निवडा, सपाटीची निवडा, पाण्यापासून लांबची निवडा. ओतूरला गुरूची आठवण घ्या, आळ्याला रेड्याची घ्या आणि आळंदीला ताज्या पायांनी उभे राहा.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

१. टोकावडे ते आळंदी असा रस्त्याचा नकाशा काढा. त्यावर माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा, नारायणगाव, राजगुरुनगर आणि चाकण दाखवा. चढ, सपाटी आणि नद्या वेगवेगळ्या रंगांनी रंगवा.

२. घरातल्या किंवा शेजारच्या एका वारकरी आजी-आजोबांना विचारा: "तुम्ही पहिल्यांदा वारीला गेलात, तेव्हा शेताचं काम कुणी सांभाळलं?" त्यांचं उत्तर त्यांच्याच बोलीत दहा ओळींत लिहा.

३. मागच्या पाच वर्षांच्या दिनदर्शिका मिळवा. आषाढी एकादशीच्या तारखांचा तक्ता करा. त्यातलं कोणतं वर्ष तुमच्या घरच्या भातशेतीला सोयीचं होतं आणि कोणतं अडचणीचं, ते कारणासह सांगा.

४. विचार करा: पायऱ्या चढण्यापेक्षा उतरल्यानंतर पाय जास्त का दुखतात? वर्गात दोन गट करून एका आठवड्यात स्वतःच्या अनुभवाची नोंद ठेवा.

यंदा तुमच्या घरातून कुणी वारीला निघणार असेल, तर हा लेख त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. आणि पिशवी भरताना जुनी, पायाला बसलेली चप्पल आत टाकली ना, तेवढं नक्की बघा.

राम कृष्ण हरि!